पंप बघून येतो

आमच्या घड्याळाला काटे नव्हते, आकडे नव्हते आणि टिकटिक तर मुळीच नव्हती. लग्न होऊन मी सासरी आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "घड्याळाचं काम करतेस म्हणे. मग स्वयंपाकघरातलं बंद पडलंय ते बघतेस का जरा?" मी उत्साहाने स्टुलावर चढले, घड्याळ उतरवलं, उघडलं, आणि आतली सगळी चक्रं ओट्यावर सांडली. शेवटी ती नवऱ्याने चिमट्याने एकेक करून परत बसवली. तो दातांचा डॉक्टर. त्या दिवसापासून माझ्या नोकरीबद्दल घरात एक शंका कायमची राहून गेली.

आता चष्मा कुठे ठेवला ते मला आठवत नाही, पण त्या खोलीतला कोपऱ्यातला आरसा केसभर तिरका होता हे पक्कं आठवतं. खोली तळमजल्यावर, बिनखिडक्यांची. मधोमध भलंमोठं लोखंडी टेबल आणि त्यावर आरसे, भिंगं, तारा यांची अशी गर्दी की चहाचा कप ठेवायला जागा नाही. तसा तो ठेवायची परवानगीही नव्हती. टेबलाच्या पलीकडच्या कडेला पोलादाचं एक भांडं होतं, आपल्या मोठ्या पातेल्याएवढं, चहूबाजूंनी बंद. आतली सगळी हवा पंपाने काढून टाकलेली. आणि त्या पोकळीत आमचं खरं घड्याळ: कॅल्शियमचे अणू.

"कॅल्शियम? म्हणजे मी दुधाबरोबर घेते ती गोळी?" सासूबाई म्हणाल्या.

"तेच, आई."

"मग गोळी घड्याळात घालून काय होतं?"

मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगते. कॅल्शियमचा प्रत्येक अणू एका ठरावीक रंगाच्या प्रकाशालाच ओ देतो. केसभर इकडचा रंग नको, केसभर तिकडचा नको. लेझरचा प्रकाश बरोबर त्या रंगावर धरून ठेवायचा आणि त्याची आंदोलनं मोजायची, की झालं घड्याळ. अडचण एवढीच, की अणू मुलखाचे धावरे. धावत्या पोराला प्रश्न विचारला तर धड उत्तर मिळत नाही. म्हणून आधी त्यांना थंड करायचं. सहा बाजूंनी लेझरचा झोत सोडला की बिचारे कुठेच जाऊ शकत नाहीत. हळू होतात, आणखी हळू होतात, आणि शेवटी मधोमध गोळा होऊन तरंगत राहतात. मोहरीच्या दाण्याएवढा तो गोळा, निळसर जांभळा, स्वतःच्या उजेडाने चमकणारा.

तो दाणा ज्याने एकदा पाहिला, त्याला तो पुन्हा पाहावासा वाटे. ही गोष्ट तिथूनच सुरू होते.

आणखी एक सांगून टाकते. घड्याळ बरोबर असणं वेगळं आणि स्थिर असणं वेगळं. माझ्या नवऱ्याच्या दवाखान्यातलं घड्याळ कायम पाच मिनिटं पुढे असे. पण कायम पाचच. त्यामुळे तो कधी फसला नाही. आम्हाला हवी होती ती ही स्थिरता. घड्याळाची चाल एका यंत्राला जोडलेली होती आणि त्या यंत्राचं पेन कागदाच्या गुंडाळीवर रेघ ओढत जाई. रेघ सरळ, तर घड्याळ शांत. आणि आमची रेघ? उंटांचा तांडा चालल्यासारखी. जरा सरळ जाते न जाते तोच एक उंचवटा. तो हळूहळू उतरतो न उतरतो तोच दुसरा.

आमचे प्रमुख होते पितामह. खरं नाव वेगळं, पण त्यांनी प्रतिज्ञा केली होती की रेघ सरळ आल्याशिवाय दाढी करणार नाही, म्हणून पितामह. मी सांगतेय त्या वर्षी दाढी सदऱ्याच्या दुसऱ्या बटणापर्यंत पोचली होती. लेझर सांभाळायला काजवा. तो दिवसभर अंधारात काम करी आणि बाहेर उन्हात आला की डोळे मिचकावत भिंतीला धरून चाले. विजेची सगळी जोडकामं सोल्डरताईंकडे. त्यांच्या प्रत्येक बाहीला जळाल्याची भोकं होती. आणि अणूंना थंड करून गोळा करणं, झोत जुळवणं हे माझं काम. माझी बटणं टेबलाच्या कोपऱ्यावर होती, तिथेच माझं स्टूल. स्टुलाच्या मागे टेबल आणि भिंत यांच्यामध्ये एक अरुंद बोळ होता. बोळाच्या आत पंप, आणि पंपाच्या वर पोलादी भांड्याची काचेची छोटी खिडकी. खिडकीवर पितळी झडप. झडपेवर पितामहांनी लाल शाईत चिठ्ठी चिकटवलेली: मोजणी चालू असताना उघडू नये.

सकाळी झोत जुळवताना मी झडप उघडून दाणा पाहायची, ते माझं कामच. मग झडप बंद, मोजणी सुरू. त्यानंतर कुणाचं तिथे काम नसे. फक्त पंपाचं.

"पंप बघून येतो गं," म्हणत काजवा माझ्या मागून सरकायचा.

"जरा सरक. पंपाचा आवाज वेगळा येतोय का?" म्हणत सोल्डरताई आत जायच्या.

खुद्द पितामहसुद्धा हात मागे बांधून यायचे. "पंपावर लक्ष असलेलं बरं असतं," म्हणायचे. एवढी पंपाची काळजी घेणारी माणसं माझ्या पाहण्यात नाहीत. त्या पंपाला आयुष्यात कधी साधा खोकलाही झाला नाही.

उंचवट्यांचं खापर आम्ही जगावर फोडत होतो. आधी लिफ्टवर, मग रस्त्यावरच्या जड गाड्यांवर, मग झाडलोटीच्या यंत्रावर, आणि सगळ्यात जास्त वजनदारवर. वजनदार म्हणजे शेजारच्या खोलीतला शास्त्रज्ञ, अंगाने वाळक्या काडीसारखा. तोही लेझर आणि मोठे चुंबक लावून अणू थंड करायचा, पण त्याचे रुबिडियम नावाच्या धातूचे. तो ते पोकळीत वरून सोडून द्यायचा आणि किती वेगाने पडतात ते मोजायचा. त्यावरून पृथ्वीची ओढ कळते, इतकी बारीक की गच्चीवरची पाण्याची टाकी भरली तरी त्याच्या यंत्राला सुगावा लागे. नवऱ्याने त्याची दाढ काढली होती, म्हणून तो मला वहिनी म्हणायचा.

"नाचता येईना अंगण वाकडं, वहिनी! तुमचं घड्याळ डुलतं आणि बोल माझ्या चुंबकांना?"

"तुमचे चुंबक बंद करून दाखवा मग."

त्याने बंद करून दाखवले. उंट चालतच राहिले.

याच सुमाराला वरून हुकूम आला. दुसऱ्या एका संस्थेच्या घड्याळाशी आमचं घड्याळ पंधरा दिवस ताडून पाहायचं. उपग्रहावरून दोन्हींची चाल जुळवायची. आमची रेघ ठरलेल्या पट्ट्याच्या आत राहिली तर उत्तम. नाही राहिली तर काम बंद, कॅल्शियमचं भांडं कोठारात आणि खोली वजनदारला. मी कॉलेजातून निघाले ती थेट त्या भांड्यापाशी आले होते. त्यातले पहिले अणू थांबले ते माझ्या हाताने. ते कोठारात गेलं तर माझं तारुण्यच कुणी फडताळात टाकल्यासारखं होणार होतं. रोज स्टुलावर बसताना पोटात गोळा यायचा.

आणि मग पोटात खरंच कुणीतरी आलं.

सुरुवातीचे महिने रेघेत काही फरक नव्हता. सहावा सरला, मी चांगली ऐसपैस झाले, आणि एके दिवशी पेन सरळ चाललं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही उंट नाही! दुसऱ्या दिवशी तेच. काजव्याने पेनात शाई आहे ना ते तीनदा पाहिलं. सोल्डरताईंनी माझी दृष्ट काढायचीच काय ती बाकी ठेवली.

"काय बदललंय?" पितामह खोलीत गोल गोल फिरत होते. "काहीतरी बदललंय. विचार करा!"

सगळे विचार करायला लागले, आणि विचार करता करता सगळ्यांच्या नजरा माझ्यावर येऊन थांबल्या.

"मी काही केलेलं नाही हं," मी म्हणाले.

"तू स्टुलावर बसतेस," काजवा हळूच म्हणाला. "जड झालीयेस. लादी दबून बसत असेल, हादरे कमी होत असतील."

"शोभतं का बोलणं?" सोल्डरताई त्याच्यावर ओरडल्या आणि मग मलाच म्हणाल्या, "पण काय गं, असू शकेल तसं."

वजनदार तर कागद-पेन्सिल घेऊनच आला. "वहिनी, तुमच्या ओढीचा हिशोब करतो. तुमचं वजन तेवढं सांगा."

"उरलेल्या दाढा नको झाल्यात का तुम्हाला?"

त्याने अंदाजानेच हिशोब केला. माझी ओढ त्याच्या यंत्राला भिंतीपलीकडून जेमतेम लागेल, पण घड्याळाला तिचं काही सोयरसुतक नाही, असं निघालं. तरी पितामहांनी हुकूम काढला की मी जागेवरून हलायचं नाही. पाणी जागेवर, फळं जागेवर, पाठीला उशी, पायाखाली पाट. बोळातून जायचं तर मला उठवावं लागे, आणि पोटुशीला कोण उठवणार? सगळे लांबूनच "राहू दे, राहू दे, बसा तुम्ही" म्हणत परत फिरायचे. मला वाटलं, काय ही माणुसकी!

ताडून पाहण्याचा पंधरवडा ठरला. पितामह एकदा घसा खाकरून म्हणाले, "तुम्ही रजेवर... म्हणजे साधारण कधी..."

"पंधरवडा संपल्यावर, सर. डॉक्टरांनी तसं सांगितलंय."

पण जिला यायचं होतं तिने डॉक्टरांना विचारलं नव्हतं. पंधरवडा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ठमी आली. गुटगुटीत, रागीट आणि वेळेच्या आधी. घड्याळाच्या कामातल्या बाईची पोर आणि वेळ पाळत नाही, म्हणून इस्पितळातसुद्धा माझी थट्टा झाली.

मी घरी आले आणि फोन सुरू झाले.

सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या. घरातला फोन दुसऱ्या कुणी उचललेला त्यांना खपत नसे. मी आतल्या खोलीत पडल्या पडल्या त्यांचा आवाज ऐकत असे.

"बोला, कोण हवंय?... ती झोपलीय. काय काम आहे?... येऊन बसायचं? कुठे बसायचं?... स्टुलावर?" इथे त्यांनी रिसीव्हर कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं असणार. "अहो, ओली बाळंतीण आहे ती!... काम काही नाही? नुसतं बसायचंय? मग तुम्हीच बसा की! तुम्हाला कुणी अडवलंय का?"

रेघ पुन्हा उंटांवर आली होती. काजव्याने माझ्या वजनाचं वाळूचं पोतं आणून स्टुलावर ठेवलं. फरक नाही. पोत्याला माझा पांढरा कोट घातला. तरी फरक नाही. सोल्डरताई फोनवर रडवेल्या झाल्या होत्या. "अगं, पोत्याला उशीपण दिली पाठीला! असाच आठवडा गेला तर संपलं सगळं."

मी छताकडे बघत पडून राहायची. ठमी कुशीत असायची आणि मन त्या बोळाच्या तोंडाशी. एकाच वेळी इतकं आनंदी आणि इतकं घाबरलेलं असता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आता ठमीचं सांगते. ती झोपायची छान, पण टिकायची नाही. पाळण्यावर पातळ फडकं टाकून मी आडवी व्हायची, डोळा लागतो न लागतो तोच किंकाळी. पुन्हा थोपटा. पुन्हा फडकं. पुन्हा किंकाळी. सासूबाई म्हणत, बाहेरच्या गाड्यांनी उठते. नवरा म्हणे, जिन्यातल्या पावलांनी. त्याने जिन्यात "हळू चाला" अशी पाटीदेखील लावली.

त्या दुपारी मी जागीच होते, फक्त डोळे मिटलेले. दार किलकिलं झालं. सासूबाई चवड्यांवर आत आल्या. "खिडकी लागलीय का बघते," असं स्वतःशीच पुटपुटल्या. खिडकीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थेट पाळण्यापाशी. फडक्याचं टोक दोन बोटांनी उचललं, डोकं आत घातलं, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. मग फडकं खाली, आणि बाई पसार.

थोड्याच वेळात पुन्हा दार. आता नवरा, दवाखान्यातून जेवायला आलेला. "माझा चष्मा इथे राहिला वाटतं," तो हवेला म्हणाला. माझ्या नवऱ्याला चष्मा नव्हता! तो पाळण्यापाशी गेला, फडकं उचललं, पार आत वाकला, आणि दातांच्या डॉक्टरचा तो भला मोठा उबदार श्वास लेकीच्या तोंडावर सोडला.

ठमीने किंकाळी फोडली. सासूबाई धावत आल्या. "उठवलंस ना! कुणी उचललं फडकं?"

"मी नाही! मी चष्मा..."

"मीपण नाही! मी खिडकी..."

आणि मी पलंगावर उठून बसले आणि हसायलाच लागले. टाके दुखत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हसू थांबेना. दोघं घाबरले. नवऱ्याने माझ्या कपाळाला हात लावला.

"आई," मी कशीबशी म्हणाले, "फोन लावून द्या. पंप! अहो, पंप!"

"हिला ताप चढलाय," सासूबाई म्हणाल्या. पण नंबर फिरवला. हात सवयीचा.

पितामहांनी उचलला.

"सर, मोजणी चालू असताना झडप कोण उघडतं?"

"कुणीच नाही. नियम आहे. मीच लिहिलाय."

"बरं. मग पंप कोण बघतं?"

पलीकडे शांतता. इतकी, की मला खोलीतला पंप ऐकू यायला लागला. तब्येत उत्तम होती त्याची.

"मी... अधूनमधून," पितामह म्हणाले.

"नुसता पंप?"

"आधी पंपच."

"आणि मग?"

"मग जरासा... क्षणभर हो! एका क्षणाने काय होतंय? मी हिशोब करून पाहिलाय. एकदा डोकावल्याने एवढा उंचवटा येऊच शकत नाही."

मागून काजव्याचा आवाज आला, "सर, तुम्हीपण?"

आणि त्याच्या मागून सोल्डरताईंचा, "'पण' म्हणजे काय रे? 'पण' म्हणजे काय?"

झालं होतं ते असं. झडप उघडली की खोलीचा उजेड आत जायचा आणि मोजणीत मिसळायचा. वर उघड्या काचेशी माणसाचा ऊनऊन चेहरा. तेवढ्या उबेने आतलं सगळं किंचित तापे आणि निवायला कितीतरी वेळ घेई. प्रत्येकाने आपल्या एका डोकावण्याचा हिशोब मनातल्या मनात चोख केला होता आणि तो बरोबरही होता. एकाने काही होत नाही. पण बाकीचेही डोकावतात, हे कुणालाच ठाऊक नव्हतं! जगातली सगळ्यात बारीक मोजमापं करणारी माणसं, आणि एकमेकांना मोजायची तेवढी विसरली. मी ऐसपैस होऊन बोळाच्या तोंडाशी बसले तेव्हा बोळच बंद झाला. आणि पोत्याची कुणाला भीड? पोत्याला बाजूला सारून सगळे पुन्हा पंपाच्या सेवेला लागले होते.

"पण आम्ही तिघंच," पितामह फोनवर म्हणाले. "तिघांनी मिळूनही इतके उंट होत नाहीत. हिशोब लागत नाही."

तेवढ्यात पलीकडे दार वाजल्याचा आवाज आला आणि वजनदार काही विचारायला आला. काय चाललंय ते त्याला सांगितलं गेलं. नंतर सोल्डरताईंनी मला त्याच्या चेहऱ्याची नक्कल करून दाखवली: आधी पांढरा, मग लाल.

"माझ्या अणूंचा उजेड डोळ्यांना दिसत नाही हो," तो म्हणाला. "इतकी वर्षं ते सोडतोय, पण आजवर एकदाही डोळाभर पाहिले नाहीत. तुमचे दिसतात. तुम्ही चहाला गेलात की येतो मी."

"रोज?"

"तुम्ही चहा किती वेळा पिता, त्यावर आहे."

हिशोब लागला.

पितामहांनी पलीकडच्या संस्थेला कळवलं की दोष सापडला आहे, तेव्हा गेलेला आठवडा सोडून उरलेला धरावा. दोषाचं नाव त्यांनी लिहिलं, "कर्मचाऱ्यांकडून अनावश्यक पंपनिरीक्षण". पलीकडून होकार आला. बहुधा त्यांच्याकडेही पंप असावा.

झडपेला कुलूप लावलं. आता किल्ली कुणाकडे? पितामह म्हणाले, माझ्याकडे नको. काजवा म्हणाला, माझ्याकडे तर नकोच. कुणीतरी वजनदारचं नाव घेतलं, तर सोल्डरताई म्हणाल्या, चोराच्या हाती किल्ल्या? आमचं घड्याळ पडलं तर खोली त्यालाच मिळायची होती.

"मला देऊच नका," वजनदार स्वतःच म्हणाला. "खोलीसाठी नाही उघडणार. खोली घेऊन काय करू? मी त्या खोलीत शिरायचो, तेच मुळी तो दाणा बघायला. पण दिलीत तर बघायला उघडेन. मी मला ओळखतो."

शेवटी सोल्डरताई किल्ली घेऊन आमच्या घरी आल्या आणि सासूबाईंनी ती कमरेला खोचली. "माझ्याकडून ती घेऊन दाखवावी कुणी," त्या म्हणाल्या. सोल्डरताई निघता निघता थबकल्या. "बाळ झोपलंय? नाही, उठवणार नाही, नुसती..." आणि फडकं उचललं. किंकाळी.

तो आठवडा मी विसरणार नाही. प्रयोगशाळेत डोकावता येईना, तेव्हा ती सगळी डोकावण्याची भूक आमच्या घरी आली. सकाळी काजवा, डोळे मिचकावत, हातात संत्री. "ताप बघायला आलो तुझा." दुपारी वजनदार. त्याला ठमीच्या वजनाची फार चौकशी. संध्याकाळी पितामह, दाढी पाळण्याच्या कडेवरून आत लोंबतेय, ठमीने ती मुठीत धरलेली आणि दोघंही ओरडतायत. प्रत्येक जण "एक क्षणभर" म्हणत फडकं उचलायचा.

सासूबाई डोक्याला हात लावून बसल्या. "तिकडे घड्याळ झोपलंय निवांत आणि इकडे माझी नात जागी! यापेक्षा किल्ली परत देते मी."

"नको हो आई!" मी हात जोडले. रात्रंदिवस जागून माझे डोळे सुजले होते, पण घरात जितका गोंगाट, तितका माझा जीव भांड्यात पडे. इथे चार माणसं आहेत म्हणजे बोळात कुणी नाही!

पंधरवडा संपला त्या दिवशी मात्र कुणी आलं नाही. फोन नाही. सासूबाईंनी दोनदा रिसीव्हर उचलून तो चालू आहे ना ते पाहिलं. मी ठमीला मांडीवर घेऊन नुसती बसून होते. कोठारातलं फडताळ डोळ्यांसमोर येत होतं.

दुपारी दारावरची घंटा वाजली. सासूबाईंनी दार उघडलं. समोर एक गुळगुळीत चेहऱ्याचा गृहस्थ, हनुवटीवर कापलेल्याच्या दोन खुणा.

"कोण हवंय?"

गृहस्थाने हातातली कागदाची गुंडाळी पुढे केली, ती हातातून सुटली आणि जिन्यावरून उलगडत निघाली. एक मजला, वळण, दुसरा मजला. मी ठमीला घेऊन कठड्यापाशी धावले. खालच्या पायऱ्यांवर काजवा, सोल्डरताई, वजनदार, सगळे भिंतीला चिकटून उभे, आणि मधून तो पांढरा कागद. कागदावर वरपासून खालपर्यंत एक रेघ. सरळ. एक उंट नाही, उंटाचं पिल्लू नाही.

"सर? तुम्ही?" मी ओळखलं ते डोळ्यांवरून.

"दाढी..." पितामह गालाला हात लावून म्हणाले, "थंडी वाजतेय."

मग जिन्यात जो गोंधळ झाला तो काय सांगू! नवरा दवाखान्यातून धावत आला, त्याला वाटलं कुणी पडलं. काजवा पायऱ्यांवर बसून एकाच वेळी हसत आणि रडत होता. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, काय झालं, तर सासूबाईंनी ताठ मानेने सांगितलं, "काहीच झालेलं नाही. गेल्या आठवड्यात काहीही झालेलं नाही. बघा, कागदावर आहे!"

त्या पावणेदोन खोल्यांच्या घरातून आम्ही वरात निघाल्यासारखे निघालो आणि प्रयोगशाळेत गेलो. ठमी माझ्या खांद्यावर, किल्ली सासूबाईंच्या कमरेला. पितामहांनी लाल शाईची चिठ्ठी स्वतःच्या हाताने काढली. मी म्हणाले, मोजणी बंद करू या का? ते म्हणाले, "छे! चालू राहू दे. बघू तर खरं, आपण किती वाईट आहोत ते."

किल्ली फिरली. बोळात रांग लागली. पहिला मान सासूबाईंना. त्या वाकल्या, एक डोळा मिटला.

"एवढंसंच?" त्या म्हणाल्या. "याच्यासाठी माझी सून..." आणि बराच वेळ काचेला डोळा लावून उभ्या राहिल्या. नवऱ्याने मागून हळूच खांद्याला हात लावला, तर म्हणाल्या, "थांब रे, चष्मा राहिलाय तुझा इथे."

मग नवरा. मग सोल्डरताई, काजवा, पितामह, सगळे उजळ माथ्याने. मग मी ठमीला काचेसमोर धरलं. तिला काय दिसलं देव जाणे. ती डोळे विस्फारून थांबली, आयुष्यात पहिल्यांदा चक्क गप्प, आणि मग तिने काचेवर एक मोठा दुधाळ जांभई-श्वास सोडला.

"आला! आला!" पेनापाशी उभा असलेला काजवा ओरडला. सरळ रेघेच्या शेवटी पेन वर चढत होतं. भलामोठा, डौलदार उंट. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या चुकीच्या खुणेला आम्ही टाळ्या वाजवल्या त्या तेवढ्या एकदाच. तो कागदाचा तुकडा अजून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. परवाच ठमीच्या लेकीने विचारलं, हे काय गं आजी? मी म्हटलं, तुझ्या आईची पहिली जांभई.

आता नव्या घड्याळाला खिडकीच नाही म्हणे. पडद्यावर आकडे दिसतात. जास्त स्थिर आहे, असणारच. मला त्याचं कौतुक आहे. जरा दयाही येते.

त्या दिवशी रांगेत शेवटचा होता वजनदार. सगळ्यांना पुढे जाऊ देत, हात मागे बांधून, अगदी शहाण्यासारखा उभा होता. त्याची पाळी आली. तो वाकला आणि वाकूनच राहिला. पेन चढत होतं. सोल्डरताईंनी खाकरून पाहिलं. ठमी चुळबुळायला लागली. शेवटी पितामह म्हणाले, "अहो, पुरे की आता! किती वेळ?"

काचेवरचं नाक न हलवता तो म्हणाला, "आलोच. पंप बघतोय."